सरकारी तिजोरीचं सॉफ्टवेअर लिहिणं : गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी निकाल लागले की फोन सुरू होतात. फर्मागुढीच्या किंवा वेर्ण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं, कधी त्यांचे आईवडील, कधी बंगळूरला कंटाळून घरी परतायचं म्हणणारा एखादा जुना वर्गमित्र. प्रश्न तेच तेच असतात. मी फोंड्याचा. गेली चौदा वर्षं सकाळच्या बसने पणजीला जाऊन सरकारी खात्यांसाठी पैशाचं सॉफ्टवेअर लिहितो, तेही सल्लागार कंपनीच्या पगारावर. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत.

हे काम नेमकं काय असतं?

सरकारच्या एखाद्या खात्याला पैशाशी संबंधित प्रणाली लागते. पगाराची बिलं, पेन्शन, योजनांचे लाभ, शुल्काची वसुली, अनुदानाचा ताळमेळ. खात्याकडे स्वतःचे प्रोग्रामर नसतात, म्हणून निविदा काढून सल्लागार कंपनी नेमली जाते. कंपनीतले काही जण प्रेझेंटेशन करतात, काही जण कोड लिहितात. मी कोडवाला. पण गोव्यासारख्या लहान राज्यात ही विभागणी दुपारच्या जेवणापर्यंतच टिकते. जेवणानंतर अकाउंट्सच्या मॅडमसमोर खुर्ची ओढून 'हे बिल परत का आलं' ते मलाच समजून घ्यावं लागतं.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो. गोव्याच्या मराठीत डिपार्टमेंट म्हणजे खातं. बँकेतलं तेही खातं आणि खतावणीतलं तेही खातंच. माझ्या पहिल्याच बैठकीत एक अधिकारी म्हणाले, "खात्याचं खातं वेगळं ठेवा, खात्यात मिसळू नका." मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि घरी येऊन तीनदा वाचलं. खात्याच्या बँकेतल्या पैशाची नोंद योजनेच्या खतावणीत घालू नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये तिन्हींना वेगवेगळी नावं असतात आणि बैठकीत मी निर्लज्जपणे विचारतो, "कुठलं खातं, सर?"

म्हणजे ही सरकारी नोकरी का?

नाही. घरच्यांना हे नीट समजावून सांगा. टेबल सरकारी, पंखा सरकारी, पगार कंपनीचा. कंत्राट संपलं की टेबल गेलं. 'मुलगा सचिवालयात असतो' एवढंच सांगून स्थळं पाहणारे मी पाहिलेत. वाक्य खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

कॉमर्स यायला हवं का? मी तर कॉम्प्युटर इंजिनिअर.

जमा आणि नावे एवढं तरी कळायला हवं. बाकीचं इथेच शिकाल, आणि खासगी कंपनीतला हिशेब येत असेल तर त्यातला थोडा विसरावा लागेल. सरकारी हिशेब रोखीचा असतो. पैसा हातात आला तेव्हा जमा, हातातून गेला तेव्हा खर्च. येणी, देणी, घसारा असलं काही त्यात नसतं.

शिकायची पहिली गोष्ट म्हणजे लेखाशीर्ष. सरकारचा प्रत्येक रुपया एका पंधरा अंकी क्रमांकाखाली जातो. चार अंक प्रधान शीर्षाचे, दोन उपप्रधान शीर्षाचे, तीन गौण शीर्षाचे, मग उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि उद्दिष्ट शीर्ष यांचे दोन-दोन. पहिली चार स्थानं देशभर सारखी. २२३५ म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण, २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन, २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. कुठल्याही राज्याचं अंदाजपत्रक उघडा, हेच आकडे दिसतील.

यात एक सुंदर रचना आहे. पहिला अंक शून्य किंवा एक असेल तर महसुली जमा, दोन किंवा तीन असेल तर महसुली खर्च, चार-पाच भांडवली खर्च, सहा-सात कर्ज, आणि आठ म्हणजे प्रामुख्याने लोक लेखा, सरकारकडे ठेवीसारखा राहणारा दुसऱ्यांचा पैसा. आरोग्याचं घ्या. इस्पितळात रुग्णांकडून आलेलं शुल्क ०२१० मध्ये जमा होतं, डॉक्टरांचा पगार २२१० मधून जातो, नवी इमारत ४२१० मधून उभी राहते आणि कर्ज दिलं तर ते ६२१० मध्ये दिसतं. दोन-दोन मिळवत जायचं. ज्याने कुणी हे बसवलं त्याला माझा नमस्कार.

आणि इथेच माझी पहिली मोठी चूक झाली. लेखाशीर्षाला 'क्रमांक' म्हणतात म्हणून मी डेटाबेसमध्ये तो रकाना संख्येचा केला. संख्येला पुढचं शून्य नसतं. ०२१० चं २१० झालं, सगळ्या जमा शीर्षांची तीच गत झाली, आणि महिनाअखेरच्या अहवालात खर्च व्यवस्थित पण जमेची पानं कोरी आली. मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "सरकाराक ह्या म्हयन्यांत कांयच येवंक ना?" लेखाशीर्ष हा मजकूर असतो, आकडा नव्हे. एक्सेलमध्ये पेस्ट केलं तर आजही शून्य गायब होतं, म्हणून कुणी एक्सेल पाठवलं की मी आधी तो रकाना बघतो.

गोव्यात आणि इतर राज्यांत या कामात काही फरक आहे का?

आहे, आणि तो नवख्याला कुणी सांगत नाही. बहुतेक राज्यांत राज्याचे मासिक आणि वार्षिक हिशेब महालेखापालांचं कार्यालय संकलित करतं. गोव्यात ते काम राज्य सरकारचं लेखा संचालनालय करतं आणि महालेखापालांकडे लेखापरीक्षण असतं. म्हणजे बिल तपासणं, पैसे देणं आणि हिशेब बांधणं हे सगळं इथे एका छत्राखाली येतं. पणजीतल्या त्या इमारतीला लोक आजही फाझेंदा म्हणतात. पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेला हा शब्द, अर्थ खजिना. दुसऱ्या राज्यात चाललेली प्रणाली आणून इथे बसवू पाहणाऱ्या कंपन्या या एका फरकावर अडखळतात. त्यांच्या प्रणालीत कोषागार एका टोकाला आणि महालेखापाल दुसऱ्या टोकाला असतो. इथे तो मधला पूलच नाही.

दुसरा फरक आकाराचा. बारा तालुके, एकशे एक्क्याण्णव पंचायती. ज्याच्यासाठी स्क्रीन बनवली तो माणूस संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात भेटतो आणि मासळीची पिशवी सावरत विचारतो, "तुझं ते बटण दाबलं की पुढं काय होतं रे?" सॉफ्टवेअरबद्दलचं मत इतकं ताजं आणि इतकं तोंडावर दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

पैशाचा हिशेब करताना प्रोग्रामर हमखास कुठे चुकतो?

पैसा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात ठेवतो. शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन बरोबर ०.३०००००००००००००००४ हे उत्तर कॉलेजात विनोद म्हणून चालतं, बिलावर चालत नाही. दशांश अचूक ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा, किंवा रुपयांऐवजी सगळं पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवा. रक्कम पूर्ण रुपयात आणायची पद्धतही स्वतःच्या मनाने ठरवू नका. महागाई भत्त्याच्या आदेशातच लिहिलेलं असतं की पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्या. काही प्रोग्रामिंग भाषांत राउंड केलं की नेमका अर्धा असताना जवळच्या सम संख्येकडे नेलं जातं. १२.५० चे १२ होतात. एका माणसाचा एक रुपया कमी. तो माणूस येतो. नक्की येतो. आणि त्याचंच बरोबर असतं.

महागाई भत्ता तर साधी टक्केवारी आहे. त्यात अवघड काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो, कारण उत्तर लांब आहे.

भत्ता १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून बदलतो, पण जाहीर होतो उशिरा. २०२४ चंच घ्या. केंद्राने ७ मार्चला निर्णय घेतला, ४६ वरून ५० टक्के, लागू १ जानेवारीपासून. मग राज्याचा स्वतःचा आदेश निघायचा. तोवर दोन-तीन महिन्यांचे पगार जुन्या दराने गेलेले असतात. मूळ वेतन ३५,४०० असलेल्या कारकुनाला ४६ टक्क्यांनी १६,२८४ मिळाले होते, आता १७,७०० हवेत. महिन्याला १,४१६ चा फरक. इथपर्यंत गणित चौथीचं.

आता यादी उघडा. एक जण ३१ जानेवारीला निवृत्त झालाय. त्याला एका महिन्याचा फरक, शिवाय रजेच्या रोखीकरणाचा हिशेब मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यावर झालेला असल्याने तोही पुन्हा करायचा. एक बाई फेब्रुवारीत अर्धपगारी रजेवर होत्या. एकाला १५ फेब्रुवारीला बढती मिळाली, म्हणजे एकाच महिन्यात दोन मूळ वेतनं. एक जण जानेवारीत डिचोलीच्या कार्यालयात होता आणि फेब्रुवारीपासून मडगावला. त्याच्या जानेवारीच्या फरकाचं बिल कुणी करायचं? दोन्हीकडचे डीडीओ, म्हणजे बिलं काढून पैसे वाटणारे अधिकारी, एकमेकांकडे बोट दाखवतात. नव्या निवृत्तिवेतन योजनेतल्या लोकांचा दहा टक्के हिस्सा फरकातूनही कापायचा, सरकारचा चौदा टक्के त्यात घालायचा. आणि भत्ता ५० टक्क्यांना टेकला की घरभाडे भत्त्याचे दरही बदलतात, ९ चे १०, १८ चे २०, २७ चे ३०. म्हणजे एक आकडा हलवला की मागून तीन हलतात.

म्हणून भत्त्याचा दर कोडमध्ये लिहायचा नसतो. तो तक्त्यात ठेवायचा, प्रत्येक दराला 'केव्हापासून लागू' आणि 'आदेश कधीचा' अशा दोन वेगळ्या तारखांसकट. या दोन तारखा एकच आहेत असं मानून कुणी रचना केली असेल तर मला ते दहा मिनिटांत कळतं, कारण थकबाकीची बिलं तिथे हाताने बनत असतात. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ अशा तीन वाढी गोठवल्या गेल्या. दर १७ वर थांबला आणि १ जुलै २०२१ पासून थेट २८ झाला. दर सहा महिन्यांनी दर बदलणारच असं धरून चालणारी प्रणाली तेव्हा आपलीच चूक शोधत बसली.

योजनेचे पैसे 'पाठवले' म्हणून सांगतात, पण खात्यात येत नाहीत. चूक सॉफ्टवेअरची का?

कधी कधी. बहुतेक वेळा ती नावाची, बँकेच्या कोडची किंवा आधारच्या जोडणीची असते.

एकदा एक आजी पासबुक घेऊन थेट आमच्या टेबलापाशी आल्या. बाहेरच्या शिपायाने 'कॉम्प्युटरवाल्यांना विचारा' म्हणून आत पाठवलं होतं. पासबुकात चार महिने काही नव्हतं. आमच्या पडद्यावर चारही महिने 'यशस्वी'. दोघंही खरं बोलत होतो. पैसे आधार क्रमांकावर पाठवले की ते कुठल्या बँकेत उतरायचे ते एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडच्या नोंदीवरून ठरतं, आणि तिथे शेवटी जोडलेली बँक धरली जाते. आजींनी मुलाबरोबर जाऊन गॅस अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, तिथे आधार दिलं होतं आणि विसरल्या होत्या. पैसे तिकडे सुखरूप साठत होते. त्या दिवसापासून आमच्या पडद्यावर 'यशस्वी' या शब्दापुढे बँकेचं नाव येतं. चार ओळींचा कोड. त्या चार ओळींनी किती फेऱ्या वाचल्या असतील याचा हिशेब मात्र कुठल्याच अहवालात येत नाही.

आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्याचं पाचवं स्थान नेहमी शून्य असतं. अर्ज भरताना लोक तिथे इंग्रजी ओ लिहितात. एवढी तपासणी अर्जाच्या वेळीच केली तर कितीतरी पैसे परत यायचे वाचतात. १ एप्रिल २०२० ला बँकांची विलीनीकरणं झाली. सिंडिकेट बँक कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये. गोव्यात या दोन्ही बँकांचे जुने खातेदार गावोगाव. जुने कोड काही महिने चालू होते, पण २०२१ च्या मध्यापर्यंत तेही बंद झाले. त्या वर्षी आम्ही नवं काहीच लिहिलं नाही, फक्त जुने कोड नव्यात बदलत बसलो.

आता नावं. गोव्यातल्या नावांइतकी परीक्षा घेणारी गोष्ट दुसरी नाही. देसाईच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस एक की दोन? गावकरमधल्या 'कर'ला के की सी? नाईक सरळ लिहायचं की पोर्तुगीज वळणाने क्यू घालून? एकाच माणसाच्या जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर तीन-तीन नावं कागदोपत्री असतात. यंत्राला 'शंभर टक्के जुळलं तरच पुढे' असं सांगितलं तर अर्धी यादी अडकते आणि 'साधारण जुळलं तरी चालेल' म्हटलं तर एकाचे पैसे दुसऱ्याला. आम्ही मधला मार्ग काढला. थोडं जुळणारं नाव यंत्राने नाकारायचंही नाही आणि स्वीकारायचंही नाही, माणसासमोर ठेवायचं.

आणि डिसोझा. इंग्रजीत या आडनावात डीनंतर वर एक छोटी स्वल्पविरामासारखी खूण येते. निष्काळजीपणे लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, त्या खुणेवर तुटते. मुंबईची पोरं सुरक्षा चाचणीसाठी महागडी साधनं वापरतात. आमच्याकडे साष्टी तालुक्याची लाभार्थी यादी टाकली की काम होतं.

कुठली भाषा यायला हवी? प्रोग्रामिंगची नव्हे, बोलायची.

बोलणं कोंकणीत, टिपणी इंग्रजीत, अर्जदार मराठीत किंवा कोंकणीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा आणि मराठीचाही वापर मान्य, त्यामुळे पावत्या आणि दाखले देवनागरीत छापावे लागतात. तिथे खरी मजा. पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या लायब्ररींना जोडाक्षरं कळत नाहीत. 'कार्यालय'चा रफार भलत्या अक्षरावर बसतो आणि 'निधी'ची पहिली वेलांटी उजवीकडे पळते. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, कागदावर बिघडतं. म्हणून छापून बघितल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. शिवाय जुना डेटा युनिकोडपूर्व फॉन्टांत असतो, तो बदलून घेणं हा एक स्वतंत्र प्रकल्पच.

अक्षरी रक्कम हा आणखी एक सापळा. इंग्रजीत वीस शब्द आणि दहांचे शब्द दिले की शंभरपर्यंत सगळं जोडून तयार होतं. मराठीत तसं नाही. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचा थाट वेगळा. शंभर शब्दांचा तक्ता हाताने लिहावा लागतो आणि कुणीतरी मोठ्याने वाचून तपासावा लागतो. आमचा तक्ता माझ्या आईने तपासला. ती प्राथमिक शिक्षिका होती, तिने दोन चुका काढल्या. स्वल्पविरामांचंही बघा. काहीच न सांगता यंत्राला आकडा छापायला लावला तर १,५०,००० चे १५०,००० होतात आणि अकाउंट्सवाले ते एकदाही वाचत नाहीत, परत पाठवतात.

तंत्रज्ञान कुठलं शिकू?

जावा किंवा डॉटनेट, यांतलं एक. एसक्यूएल मात्र जीव तोडून शिका, कारण नव्वद टक्के भांडणं तिथे मिटतात. रिपोर्ट बनवायला लाज वाटू देऊ नका. नवी फ्रेमवर्क आली तर छान, पण ज्या प्रणालीची देखभाल दहा वर्षं करायची तिच्यात ती घालण्याआधी दोनदा विचार करा.

काम मिळतं कसं? निविदा म्हणजे सगळ्यात स्वस्त तोच ना?

नेहमी नाही. सल्लासेवेसाठी गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलून निवड करता येते. सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार त्यात किंमत सोडून इतर बाबींना जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं. पण बरीच कामं अजून सर्वात कमी दरानेच जातात, विशेषतः देखभालीची. काही कामं सरकारी संस्थांमार्फत येतात. राज्याचं माहिती तंत्रज्ञान महामंडळ आहे, ईडीसी या राज्याच्या वित्तीय महामंडळाची उपकंपनी गोवा इलेक्ट्रॉनिक्स आहे, केंद्राची एनआयसी आहे.

नोकरी करणाऱ्याने यातून एवढंच बघायचं, की कंत्राट कशावर बेतलंय. माणसं मोजून महिन्याचे पैसे मिळणार असतील तर तुम्ही एक खुर्ची आहात. टप्प्यांवर पैसे मिळणार असतील तर प्रत्येक टप्प्याला कुणाची सही लागते ते विचारा, कारण त्या सहीवर तुमचा पगार अवलंबून असू शकतो.

पगार किती? वेळेवर होतो का?

आकडा सांगत नाही, कारण माणसागणिक तो इतका वेगळा असतो की सांगून उपयोग नाही. बंगळूर-पुण्यापेक्षा कमी, पण घरभाडं नाही, आणि जेवायला घरी शीतकडी. तुमचं गणित तुम्ही करा.

वेळेबद्दल मात्र बोलतो. पूर्वीच्या एका कंपनीत स्वीकृतीची सही अडकली म्हणून आमचे चार महिन्यांचे पगार थांबले होते. मालक रोज म्हणायचे, "फाल्यां जातलें," म्हणजे उद्या होईल. ती सही अडकण्याचं कारण, एका अहवालातल्या बेरजेत तीन रुपयांचा फरक. तो मी दोन दिवसांत शोधला असता, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून फाइल कुठल्या टेबलावर आहे ते मी स्वतः जाऊन बघतो. ऑफर घेताना तीन गोष्टी विचारा. पीएफ कोण भरतो, नोटीस किती, आणि सरकारकडून पैसे उशिरा आले तर पगाराचं काय. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला तर उठा.

स्वतंत्र सल्लागार म्हणून काम घ्यायचं असेल तर टीडीएस कापूनच पैसे येतात हे लक्षात ठेवा, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते.

'बॅकएंडला एवढी एक नोंद बदल' असं कुणी सांगितलं तर?

सांगतात. दर आठवड्याला सांगतात, आणि बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो. चुकीच्या शीर्षाला खर्च पडलाय, महिना संपत आलाय, साहेब बैठकीत आहेत, तेव्हा तू थेट डेटाबेसमध्ये बदल. दोन मिनिटांचं काम.

करू नका. हिशेबात खोडायचं नसतं. चुकीच्या नोंदीसमोर उलटी नोंद करायची आणि बरोबर नोंद नव्याने. सरकारी हिशेबात यासाठी ट्रान्सफर एंट्रीची रीतसर पद्धत आहे, आणि ती कागदाच्या खतावण्यांपासून चालत आलीय. सॉफ्टवेअरने ती मोडायची काही गरज नाही. तुम्ही थेट बदललेली ओळ दोन वर्षांनी लेखापरीक्षणात निघते. तेव्हा सांगणारे साहेब बदलून गेलेले असतात आणि लॉगमध्ये नाव तुमचं असतं.

मी नकार देत नाही, कागद मागतो. "सर, ईमेलवर दोन ओळी टाका, लगेच करतो." दहातल्या आठ विनंत्या तिथेच विरतात. उरलेल्या दोन खरंच गरजेच्या असतात, त्या रीतसर प्रोग्रामने करतो. तोंडी आदेशाचंही तसंच. बैठक संपली की त्याच दिवशी 'आज असं ठरलं' म्हणून मेल टाका. उत्तर आलं नाही तरी चालेल, मेल गेला पाहिजे.

सुरक्षेचं काय?

प्रणाली सुरू होण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवा, कारण पहिल्या फेरीत कुणीही पास होत नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. बाकी खरा धोका परकीय हॅकर नसतो, मॉनिटरला चिकटवलेला पासवर्डचा पिवळा कागद असतो.

चाचणी कोण करतं?

कागदावर खातं करतं. प्रत्यक्षात तुम्ही. पण एक युक्ती सांगतो. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेला एक जुना लेखापाल प्रत्येक कार्यालयात असतो, ज्याला कॉम्प्युटर आवडत नाही. त्याला शोधा, त्याच्याशेजारी बसा, गेल्या मार्चमधली परत आलेली बिलं मागा. ती बिलं हीच तुमची चाचणी. नमुन्यासाठी बनवलेला स्वच्छ डेटा कशातच अडकत नाही.

घरून काम करता येतं का?

आठवड्यात एखादा दिवस. बाकी दिवस फाइल जिथे, तुम्ही तिथे. पावसात वीज जाते, पंचायतीतलं नेटवर्क जातं, म्हणून अर्धवट भरलेला अर्ज आपोआप साठवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. त्याशिवाय सत्तरीतला कारकून तुम्हाला माफ करणार नाही.

३१ मार्चबद्दल एवढं का बोलतात?

कारण त्या रात्री मंजूर पण न खर्चलेलं अनुदान संपतं. जे बिल बाराच्या आत पार पडलं ते पडलं. शेवटच्या आठवड्यात अख्ख्या वर्षात आली नसतील तितकी बिलं येतात, नेमकी तेव्हाच कुणाची तरी डिजिटल सही कालबाह्य झालेली असते, आणि सगळ्या नजरा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे वळतात. फेब्रुवारीत सगळ्यांच्या सह्यांच्या मुदती तपासून यादी लावा. १५ मार्चनंतर प्रणालीत काहीही नवं घालू नका, मुख्य सचिवांनी सांगितलं तरी. पुन्हा एकदा, कागद मागा.

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी मिळते का?

मिळते. चवथीच्या आधीचा आठवडा मात्र विसरा. पगार, गृहिणींसाठीची गृह आधार योजना, सामाजिक सुरक्षा, सगळ्यांना पैसे चवथीपूर्वी हवे असतात, आणि हवेच असतात. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिचा बाजार उधारीवर होत नाही. पैशाची फाइल बँकेला गेल्यावर परत आलेल्या नोंदींची यादी येते, ती निस्तरूनच घरी जायचं. गेल्या वर्षी मी शेवटच्या बसने फोंड्याला उतरलो तेव्हा घरात माटोळी बांधून झाली होती आणि माझ्या वाट्याला फक्त एक नारळ अडकवायचा ठेवला होता.